लिबरऑफिससारख्या मोठ्या प्रकल्पात नवख्याने नेमके कुठून शिरावे?

कोरीवही (प्रश्न)

नमस्कार. मी पुण्यातील एका कंपनीत सॉफ्टवेअर चाचणीचे काम करते. पायथन बऱ्यापैकी येते. सी++ महाविद्यालयात शिकले होते, पण त्यानंतर त्याला हात लावलेला नाही. आमच्या घरी गेली सहा-सात वर्षे लिबरऑफिस (लेखन, तक्ते वगैरेंसाठीचा मोफत, खुल्या स्रोताचा सॉफ्टवेअर-संच) वापरात आहे. वडील निवृत्त शिक्षक असून सोसायटीच्या सभांची इतिवृत्ते ते त्यातील रायटर या लेखन-प्रोग्रॅममध्ये मराठीतून लिहितात, आणि त्यात काही अडले की हाक मलाच येते. ज्या सॉफ्टवेअरने इतक्या वर्षांत एक रुपयाही मागितला नाही, त्याच्या कामाला आपलाही थोडा हातभार लागावा, असे बरेच दिवस मनात आहे.

अडचण अशी की माझा पहिला अनुभव लाजिरवाणा होता. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते. त्या महिन्यात ‘हॅक्टोबरफेस्ट’ या उपक्रमात चार पुल रिक्वेस्ट (आपला बदल प्रकल्पात घ्यावा अशा विनंत्या) पाठवल्या की टी-शर्ट मिळतो असे वर्गात कळले, आणि मी एका अनोळखी प्रकल्पाच्या माहितीपत्रात एक स्वल्पविराम घालून तो बदल पाठवून दिला. काही तासांत त्यावर ‘स्पॅम’ अशी चिठ्ठी चिकटवून तो बंद करण्यात आला. चूक माझीच होती, हे आज कळते. पण तेव्हापासून पुन्हा दार वाजवण्याचा धीर झाला नाही.

आता मला लिबरऑफिससाठीच काही करायचे आहे, परंतु त्याचा पसारा पाहून छाती दडपते. आधी कुणाची परवानगी घ्यावी लागते का, सी++ पुन्हा पक्के केल्याशिवाय काही करता येईल का, मराठी भाषांतराला खरे योगदान मानतात का, आणि नोकरी करत असताना असे काम करण्यात काही कायदेशीर अडचण येते का, हे जाणकारांनी सविस्तर सांगितल्यास आभारी राहीन.


जुनाखिळा

स्वल्पविरामाचे मनाला लावून घेऊ नका. त्या वर्षीच्या हॅक्टोबरफेस्टमध्ये अशा निरर्थक बदलांचा इतका लोंढा आला की महिना सुरू होऊन तीन दिवसही झाले नव्हते तोच आयोजकांना नियम बदलावा लागला, आणि ज्या प्रकल्पांनी स्वतःहून सहभाग कळवला असेल त्यांचेच योगदान धरायचे असे ठरले. तुमच्या एका स्वल्पविरामावर कुणी रागावले नव्हते. त्या माणसाने त्या सकाळी तसे पन्नास स्वल्पविराम बंद केले असतील.

परवानगी कुणाचीही लागत नाही. मात्र तुम्ही सी++ पासून सुरुवात करण्याच्या विचारात असाल तर मी त्याच्या आड येईन, कारण तुमच्या हातात जे कौशल्य आहे त्याचीच या प्रकल्पाला सर्वांत जास्त टंचाई आहे. लिबरऑफिसच्या बगझिला या तक्रार-नोंदवहीमध्ये जगभरातून तक्रारी येतात आणि प्रत्येक नवी तक्रार ‘अनकन्फर्म्ड’ (अपुष्ट) या अवस्थेत पडून असते. दुसऱ्या कुणीतरी आपल्या संगणकावर ती घडवून पाहिली आणि ‘होय, मलाही असेच दिसते’ असे पुराव्यासह लिहिले, की ती ‘न्यू’ होते. प्रोग्रॅमर मंडळी शक्यतो या पुढच्या अवस्थेतल्याच तक्रारी हातात घेतात. म्हणजे मधल्या उंबऱ्यावर जो माणूस बसतो, तो नसेल तर उत्तम प्रोग्रॅमरांनाही काम दिसत नाही. या कामाला कोड लिहावा लागत नाही. लागते ती तुम्ही रोज कार्यालयात करता तीच शिस्त.

रीत अशी. प्रकल्पाच्या संकेतस्थळावरून रोज तयार होणारी चाचणी-आवृत्ती उतरवून घ्या. ती नेहमीच्या आवृत्तीला धक्का न लावता शेजारी राहते. एखादी ताजी, अपुष्ट तक्रार निवडा आणि तिच्यात लिहिलेल्या पायऱ्या जशाच्या तशा करून पाहा. दोष दिसला तर मदत मेनूतील ‘लिबरऑफिसविषयी’ या चौकटीतली आवृत्तीची माहिती तिथल्याच बटणाने नकलून उत्तरात चिकटवा. दोष दिसला नाही तर तेही तितकेच मोलाचे आहे. मग तक्रारदाराला ‘सेफ मोड’मध्ये सुरू करून पाहायला सांगा, कारण त्याच्या संगणकावरील वापरकर्ता-प्रोफाइल (वैयक्तिक सेटिंगांची साठवण) बिघडल्यामुळे उद्भवलेल्या तक्रारी काही कमी नसतात. तक्रार अपुरी असेल तर तिची अवस्था ‘नीडइन्फो’ करून हवी ती माहिती सौम्य शब्दांत मागावी.

यात हात बसला की पुढची पायरी मला स्वतःला सर्वांत रंजक वाटते. पूर्वी नीट चालणारी गोष्ट नव्या आवृत्तीत मोडली असेल, तर नेमक्या कोणत्या बदलाने ती मोडली हे शोधता येते. एरवी त्यासाठी प्रत्येक जुनी अवस्था पुन्हा कंपाइल (कोडपासून चालता प्रोग्रॅम तयार) करावी लागली असती. परंतु या प्रकल्पाने आधीच तयार केलेल्या हजारो बांधण्या (असे तयार प्रोग्रॅम) गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या भांडारात ओळीने ठेवलेल्या आहेत. त्या भांडारांना ‘बायबिसेक्ट’ म्हणतात. मधली बांधणी उघडायची, दोष आहे की नाही ते सांगायचे, मग उरलेल्या अर्ध्यातली मधली उघडायची. हजार बांधण्यांतून गुन्हेगार शोधायला साधारण दहा वेळा उघडून पाहावे लागते. भांडार उतरवायला बराच वेळ आणि डिस्कवर भरपूर जागा लागते, पण एखाद्या रविवारी दुपारी तुम्ही चार वर्षांपूर्वीच्या एका विशिष्ट बदलाकडे बोट दाखवता आणि तो बदल करणारा गृहस्थ दुसऱ्या दिवशी स्वतः उत्तर देतो, याचा आनंद वेगळाच आहे.

कोडकडे वळायचे असेल तेव्हा बगझिलामध्ये ‘ईझी हॅक’ अशी खूण केलेली कामे पाहा. त्यांत कोणती भाषा यावी लागेल आणि काम किती अवघड आहे हेही नोंदलेले असते, आणि कुठल्या फाइलमध्ये पाहावे याचा धागा बहुधा दिलेला असतो. या यादीमागे जुना इतिहास आहे. हे सॉफ्टवेअर मुळात स्टार डिव्हिजन या जर्मन कंपनीचे. १९९९ मध्ये ते सन कंपनीने विकत घेतले, २००० मध्ये त्याचा स्रोत खुला झाला, पुढे सन ओरॅकलकडे गेली आणि २०१० च्या सप्टेंबरमध्ये स्वयंसेवकांनी वेगळे होऊन लिबरऑफिस सुरू केले. त्यामुळे लाखो ओळींच्या कोडमधील टिपा जर्मन भाषेत होत्या, आणि त्या इंग्रजीत आणणे हेच कित्येक वर्षे नवख्यांना दिले जाणारे पहिले काम होते. एक ओळही सी++ न लिहिता अनेकांनी त्या वाटेने घरात प्रवेश केला. ते काम आता बहुतांश संपले आहे, त्यामुळे तुम्हाला दुसरे शोधावे लागेल.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो, कारण इथे पुष्कळजण परत फिरतात. पहिली बांधणी साध्या लॅपटॉपवर अनेक तास घेते. ती रात्री लावून झोपावे आणि ‘सीकॅश’ हे आधी झालेले काम साठवून ठेवणारे साधन चालू ठेवावे, म्हणजे पुढच्या बांधण्या आटोक्यात येतात. दुसरे म्हणजे इथे गिटहब या संकेतस्थळासारखी पुल रिक्वेस्ट नसून ‘गेरिट’ ही बदल तपासण्याची प्रणाली आहे. परीक्षकाने सुधारणा सुचवली तर नवा कमिट (बदलाची नोंद) जोडायचा नाही, जुनाच दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा, आणि त्याच्या संदेशातील ‘चेंज-आयडी’ची ओळ जशीच्या तशी ठेवायची, म्हणजे तो त्याच बदलाची पुढची आवृत्ती म्हणून नोंदला जातो. ही ओळ पुसून मी एकाच दुरुस्तीचे चार वेगळे बदल उभे केले होते. कुणी ओरडले नाही, पण आवरायला मलाच लावले.

पहिला पॅच (कोडमधील बदल) पाठवताना विकासकांच्या टपालयादीवर एक परवाना-निवेदनही पाठवावे लागते: माझे आजवरचे आणि पुढचे सर्व योगदान एमपीएल २ आणि एलजीपीएल ३ या खुल्या स्रोताच्या दुहेरी परवान्याखाली वापरता येईल, अशा अर्थाचे. एकदाच पाठवायचे असते.


शब्दवेल्हाळ

भाषांतराबद्दल विचारले आहे म्हणून लिहिते. ते खरे योगदान आहेच, आणि सोपे आहे असा समज असल्यामुळे ते बिघडतेही फार. लिबरऑफिसचे भाषांतर वेबलेट या संकेतस्थळावर चालते. खाते उघडून कुणालाही सूचना नोंदवता येतात. त्या कायम करण्याचा अधिकार भाषेच्या गटाकडे असतो, म्हणून आरंभी गटाच्या टपालयादीवर दोन ओळींत आपली ओळख करून द्यावी.

खरी कसोटी मराठीच्या व्याकरणाची आहे. इंग्रजी वाक्यात जिथे फाइलचे नाव यायचे असते तिथे टक्क्याचे चिन्ह आणि एक आकडा असतो, आणि प्रत्यक्ष नाव प्रोग्रॅम चालताना तिथे येऊन बसते. इंग्रजीचे त्यावाचून अडत नाही. मराठीत मात्र विभक्तीचा प्रत्यय लागताच नामाचे सामान्यरूप होते, आणि जे नाव अजून आलेलेच नाही त्याचे सामान्यरूप भाषांतरकाराने कसे करावे? ‘अहवाल’ या नावाला नुसता ‘मध्ये’ चिकटवला की ‘अहवालमध्ये’ असे कानाला खटकणारे रूप पडद्यावर येते. यावर जुन्या भाषांतरकारांनी काढलेली तोड अशी की नावाला प्रत्यय लावायचाच नाही. त्याच्यामागे एक ठरावीक नाम उभे करायचे आणि प्रत्ययाचा भार त्याने वाहायचा. ‘अहवाल’ या फाइलमध्ये, ‘वार्षिक खर्च’ या तक्त्याला, असे. वाक्य थोडे लांबते, पण कुठल्याही नावाने मोडत नाही.

लिंगाचेही तसेच. ‘डिलीटेड’ या एका शब्दासाठी काढला, काढली, काढले यांपैकी काय लिहायचे, हे वस्तू कोणती ते कळल्याशिवाय ठरत नाही. ‘ओपन’ हा शब्द आज्ञा आहे की अवस्था, म्हणजे ‘उघडा’ लिहायचे की ‘उघडलेले’, हे सुटी ओळ पाहून सांगता येत नाही. म्हणून माझा आग्रह असा असतो की भाषांतर करताना ती चौकट प्रत्यक्ष उघडून शेजारी ठेवावी. एका बैठकीत पाचशे ओळी उरकणाऱ्यांचे काम मी नंतर दुरुस्त केले आहे, आणि ते मुळापासून करण्यापेक्षा जास्त वेळखाऊ असते. मेनूतील शब्दाला चिकटून आलेली अधोरेषा किंवा नागमोडी चिन्ह ही चूक समजून पुसू नका. कळफलकावरून तो मेनू कोणत्या अक्षराने उघडेल हे तिच्यावरून ठरते.

आणि शब्दांच्या निवडीबाबत एक आर्जव. ‘सेव्ह’साठी ‘जतन करा’ रूढ झाले आहे, ते तसेच ठेवावे. ‘संचयित करा’ अधिक शुद्ध वाटते म्हणून एका चौकटीत बदलले, तर वापरणाऱ्याला एकाच क्रियेची दोन नावे दिसतात. भाषाशुद्धीची हौस मलाही आहे, पण ती भागवायला इतर जागा आहेत.

शब्द आणि व्याकरण यांत रुची असेल तर शुद्धलेखन-तपासणीकडेही पाहा. त्यासाठी लिबरऑफिस हनस्पेल वापरते, जे मुळात हंगेरियन भाषेसाठी तयार झाले. हंगेरियनमध्येही शब्दाला प्रत्ययांवर प्रत्यय जडतात, म्हणून त्याची रचना आपल्या कामाची आहे. एका फाइलीत मूळ शब्द आणि दुसरीत प्रत्ययांचे नियम असतात. ‘घर’ हा शब्द योग्य खुणेसह नोंदवला की घराला, घरापासून, घरातले ही रूपे नियमांतून तयार होतात. खूण चुकली की अचूक शब्दाखाली लाल रेघ येते. मराठी कळणाऱ्या आणि थोडे पायथन येणाऱ्या माणसाला इथे वर्षभर पुरेल इतके काम आहे.


घाटमाथा

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत. कायदेशीर बाजू राहिली आहे, तेवढी लिहितो. मी वकील नाही. चार नियुक्तिपत्रे वाचून सह्या केलेला नोकरदार आहे.

आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १७ नुसार, नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या निर्मितीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. घरी, स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या यंत्रावर केलेले काम यात सहसा येऊ नये. पण अनेक आयटी कंपन्यांच्या नियुक्तिपत्रांत याहून व्यापक कलम घातलेले असते आणि नोकरीच्या काळातील प्रत्येक निर्मितीवर हक्क सांगितलेला असतो. म्हणून आधी ते पत्र काढून वाचा, आणि संदिग्ध वाटले तर मनुष्यबळ विभागाला साधे ईमेल लिहून उत्तर लेखी मागा. तोंडी ‘हरकत नाही’ला अर्थ नाही. कंपनीचा लॅपटॉप आणि कंपनीचा ईमेल-पत्ता या कामासाठी वापरू नका. जुनाखिळा यांनी सांगितलेले परवाना-निवेदन तुमच्या नावाने नोंदले जाणार आहे. जे आपले नाही ते देऊन टाकले असे होता कामा नये. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात) प्रत्येक पॅचखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी ओळ लिहावी लागते, तिचाही उगम इथेच आहे: एससीओ या कंपनीने कोडच्या मालकीवरून न्यायालयात धाव घेतल्यानंतर, २००४ मध्ये ती पद्धत आली.

तुम्ही विचारलेले नाही तरी एक मुद्दा जोडतो. तुमच्या पॅचला आठवडाभर उत्तर आले नाही तर एकदा विनम्र आठवण करावी, पण तगादा लावू नये. २०२४ च्या मार्चअखेर एक्सझेड या फाइलींचा आकार लहान करणाऱ्या छोट्याशा प्रकल्पात चोरदरवाजा सापडला. तो प्रकल्प जवळजवळ एकटा माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. ‘काम फार हळू चालले आहे, दुसऱ्या कुणाला हक्क द्या’ असा अनोळखी खात्यांवरून त्याच्यावर दबाव आणला गेला, आणि चांगले पॅच देऊन विश्वास मिळवलेल्या ‘जिया टॅन’ नामक खात्याच्या हाती किल्ल्या गेल्या. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस या डेटाबेसच्या विकासकाला एसएसएच (दुसऱ्या संगणकाशी सुरक्षित) जोडणीला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो हे खटकले, म्हणून प्रकरण उघडकीस आले. तेव्हापासून नव्या माणसाची घाई मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारी) मंडळी वेगळ्या नजरेने पाहतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

एआयकडून लिहून घेतलेला कोड किंवा तक्रार पाठवण्यापूर्वी त्या प्रकल्पाचा नियम वाचावा. जेंटू या लिनक्स-वितरणाने २०२४ मध्ये अशा योगदानावर सरळ बंदी घातली, आणि यंत्राने रचलेल्या खोट्या सुरक्षा-तक्रारी तपासण्यात वेळ जातो म्हणून कर्ल या माहिती-हस्तांतराच्या साधनाचे डॅनियल स्टेनबर्ग जाहीरपणे वैतागले आहेत. तुम्हाला स्वतःला समजावून सांगता येत नाही अशी एकही ओळ पाठवू नका.


कोरीवही

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नियुक्तिपत्र काढून वाचले. कलम संदिग्धच आहे, म्हणून ईमेल पाठवले आहे. मधल्या काळात चाचणी-आवृत्ती उतरवून तीन अपुष्ट तक्रारी पाहिल्या. एक जशीच्या तशी घडली, तिच्यावर आवृत्तीच्या माहितीसह लिहिले. दुसरी माझ्याकडे घडली नाही. तिसरीतल्या पायऱ्याच मला समजल्या नाहीत, म्हणून तिला हात लावला नाही.

वडिलांची एक जुनी अडचण मात्र तक्रार म्हणून नोंदवावी की नाही ते कळत नाही. २०१२ च्या इतिवृत्तांत ‘पायऱ्या’ हा शब्द डोळ्यांना दिसतो, पण शोधून सापडत नाही. अलीकडच्या इतिवृत्तांत तोच शब्द सापडतो.


शब्दवेल्हाळ

हा बहुधा सॉफ्टवेअरचा बिघाड नसून लिपीच्या संकेतांकनाचा गुंता असावा. ऱ्य हे जोडाक्षर युनिकोडमध्ये (अक्षरांना संकेतांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत) दोन प्रकारे लिहिता येते. एक, नुक्त्याचा ऱ, म्हणजे ०९३१, त्यापुढे हलन्त आणि य. दुसरा, साधा र, हलन्त, मग २००डी हे न दिसणारे जोडचिन्ह आणि य. दोन्ही पडद्यावर आणि कागदावर सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते निरनिराळे शब्द आहेत. ॲ आणि ऍ यांचीही अशीच गत आहे. ॲ हे स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले, त्यामुळे त्याआधीच्या मजकुरात ‘ऑफिस’ सापडेल, पण ‘ॲडमिन’ सापडेलच असे नाही.

रायटरमध्ये त्या अक्षरानंतर कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबले की अक्षराच्या जागी त्याचा संकेतांक दिसतो. पुन्हा दाबले की अक्षर परत येते. जुन्या आणि नव्या फाइलीत तसे करून पाहा.


कोरीवही

अगदी तसेच निघाले. जुन्या फाइलीत २००डी आहे, नव्यात ०९३१. वडिलांनी मध्यंतरी टंकनाची पद्धत बदलली होती, हे त्यांना आत्ता आठवले. मग यावर नोंदवण्यासारखे काहीच नाही का?


जुनाखिळा

आहे. दोष म्हणून नव्हे, सुधारणेची विनंती म्हणून: मराठी मजकुरात शोध घेताना ही दोन्ही रूपे समान मानण्याची सोय असावी. आधी बगझिलामध्ये नीट शोधा, कारण अशी मागणी पूर्वी कुणी केलेली असेल तर नवी न उघडता तिथेच आपले उदाहरण जोडावे. पर्शियन किंवा सिंहलासारख्या भाषांच्या नावानेही शोधून पाहा. न दिसणारी जोडचिन्हे त्यांच्याही लिपींत आहेत, आणि मागणी त्यांच्या अंगाने आधीच आलेली असू शकते. लिहिताना असे समजा की वाचणाऱ्याला देवनागरीचे एक अक्षरही येत नाही: दोन्ही संकेतांकांची मालिका, पडद्याचे चित्र, काय शोधले, काय मिळायला हवे होते आणि काय मिळाले, हे सगळे द्या.

सोबत नमुना फाइल हवीच, पण इतिवृत्त जोडू नका. बगझिलाला जोडलेली फाइल साऱ्या जगाला दिसते, आणि सभासदांची नावे, सदनिका क्रमांक, थकबाकी हे सगळे त्यात असणार. नव्या कोऱ्या दस्तऐवजात तो एक शब्द दोन्ही प्रकारे लिहा, प्रत्येकी एका ओळीवर. तेवढी फाइल पुरे.


कोरीवही

दोन ओळींची फाइल तयार केली. शोधून पाहिले, मराठीच्या नावाने काही सापडले नाही, सिंहलाचे अजून पाहायचे आहे. ते पाहून आज रात्री नोंदवते.